सात ग्लास बिटाचा रस

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्य डॉ. अरुंधतीताई बोकारे, व्यासपीठावर विराजमान असलेले आमच्या विभागाचे माजी प्रमुख आणि माझे मार्गदर्शक कृष्णकांत देवपुजारी सर, ज्यांच्यासाठी आपण सगळे हातातली कामं टाकून इथे जमलो त्या सत्कारमूर्ती श्रीमती पंचफुलाबाई गजभिये, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले आणि आज बायकोच्या निवृत्तीला इस्त्रीचा सदरा घालून आलेले त्यांचे यजमान मनोहरराव, माझे सहकारी, मैदानावरून ट्रॅकसूटमध्येच आलेल्या विद्यार्थिनी, आणि पंख्याखालची रांग आधीच धरून बसलेले आपले आजी-माजी कर्मचारी बंधुभगिनी, सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागून चिठ्ठी यायला नको.

सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख करून देताना एक वाक्य वाचलं. ‘सत्यासाठी स्वतःच्या पीएच.डी.ची दोन वर्षांची मेहनत स्वतःहून मागे घेणाऱ्या डॉ. गोपिका ठवकर.’ त्यावर टाळ्याही पडल्या. सूत्रसंचालकांचा दोष नाही, त्यांच्या हाती जो कागद दिला तो त्यांनी वाचला. हे वाक्य गेली अकरा वर्षं माझ्या मागेमागे फिरतं आहे. नोकरीच्या मुलाखतीत ते माझ्या आधी जाऊन खुर्चीवर बसलं होतं. तेव्हा सत्कार पंचफुलाबाईंचा असला तरी मला सुरुवात या वाक्यापासून करावी लागेल. ते वाक्य खरं नाही. कसं ते सांगते.

पंचफुलाबाई आमच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून एकतीस वर्षं होत्या. परिचर हा कागदावरचा शब्द. प्रत्यक्षात काय होत्या? सकाळी सहाला सक्करदऱ्याहून सायकलने यायच्या, कुलूप उघडायच्या, ट्रेडमिलचा पट्टा ओल्या फडक्याने पुसायच्या आणि आलेल्या पहिल्या मुलीला विचारायच्या, “काही खाऊन आली का वं, का तशीच आली?” तशीच, असं उत्तर आलं की त्यांच्या पिशवीतून मुरमुऱ्याचा चिवडा निघायचा. काही चाचण्यांना मात्र उपाशीपोटी यायचं असतं. त्या दिवशी ती पिशवी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली कमरेला. हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कोणी म्हणेल, बाईंना प्रयोगाचे नियम कळत नसतील. नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचे.

आता थोडं माझ्या विषयाबद्दल. महिला खेळाडूंच्या कामगिरीवर आहारातल्या नायट्रेटचा परिणाम. नाव जड आहे, वस्तू कॉटन मार्केटात ढिगाने मिळते. बीट. बिटात, पालकात नायट्रेट असतं. ते पोटात जातं, लाळेतून फिरून तोंडात येतं, जिभेवरचे जंतू त्याचं रूप बदलतात आणि शेवटी त्याचा शरीरात असा काही पदार्थ होतो की रक्तवाहिन्या सैल पडतात. तेवढ्याच प्राणवायूत स्नायू जरा जास्त काम करतात, असं पुस्तकं म्हणत होती. पण त्या पुस्तकांतले बहुतेक प्रयोग पुरुषांवर झालेले. मुलींवर का नाही? तर म्हणे मुलींना पाळी येते, त्याने आकडे हलतात, हिशेब अवघड होतो. म्हणजे ज्यांच्याबद्दल आपल्याला माहीत नाही त्यांना विचारायचंच नाही, का, तर त्यांच्याबद्दल आपल्याला माहीत नाही. सरांना याचा राग होता. सरांचा राग मंद आचेवरचा असतो, उतू जात नाही, पण खालीही उतरत नाही. त्यांनी मला हा विषय दिला.

तीन किलोमीटर धावणाऱ्या अठरा मुली मिळाल्या. रस दोन प्रकारचे. दोन्ही बिटाचेच, दोन्ही लालभडक, दोन्हींची चव तीच मातकट. फक्त एका रसातलं नायट्रेट एका नळीतून गाळून काढून टाकलेलं. त्याला पंचफुलाबाई रिकामा रस म्हणायच्या, तोच शब्द पुढे आमच्यात रूढ झाला. प्रत्येकीने सहा दिवस एक रस प्यायचा आणि सातव्या दिवशी धावायचं. मग मध्ये खंड. मग दुसऱ्या फेरीत दुसरा रस, आणि पुन्हा धावायचं. कोणाच्या ग्लासात कधी कोणता, हे मुलींना माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. कारण माहीत असलं की घड्याळ दाबणारा अंगठासुद्धा पक्षपात करतो. यादी सरांनी केली, आणि ती एकाच व्यक्तीच्या हाती दिली. रस काढणारी, गाळणारी, ओतणारी, आणि गुपित पोटात ठेवणारी, सगळं एकच. पंचफुलाबाई.

पहिल्याच आठवड्यात आमची प्रेमिला रडत आली. प्रेमिला भिवापूरची, आज कोराडीच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, ती समोरच बसली आहे आणि आता माझ्याकडे डोळे वटारून पाहते आहे. ती आली आणि म्हणाली, “मावशी, मले लघवीतून रक्त जाऊन राहिलं. मले घरी जाऊ द्या.” मावशी म्हणजे पंचफुलाबाई. त्यांनी हातातलं काम न सोडता सांगितलं, “रक्त नाही वं, बीट आहे. माह्यं बी तसंच होऊन राहिलं.” दर वेळच्या रसाची चव त्या आधी स्वतः घ्यायच्या. रंग दोन्ही रसांत सारखा, त्यामुळे गुपित काही फुटलं नाही.

दुसरा प्रश्न पाळीच्या तारखांचा. प्रत्येकीची चाचणी तिच्या महिन्याच्या ठरावीक दिवसांत घ्यायची होती. तारखा विचारणार कोण? सर विचारूच शकत नव्हते. मी विचारलं तर मुली म्हणायच्या, “येते ना मॅडम,” आणि पळून जायच्या. पंचफुलाबाईंनी इतवारीतल्या एका धान्याच्या दुकानाचं कॅलेंडर प्रयोगशाळेच्या दाराआड टांगलं. नावं लिहायची नाहीत, म्हणून प्रत्येक मुलीला एकेक भाजी नेमून दिली. भिवापूरची मिरची नावाजलेली, म्हणून प्रेमिला मिरची. कोणी भेंडी, कोणी कारलं, कोणी दोडका. ‘कारलं सोमवारी, मिरची गुरुवारी’ अशी आमची बोलणी चालायची, आणि बाहेरच्याला वाटायचं, मेसचा भाजीपाला ठरतो आहे. त्याच कॅलेंडरवर त्या रसाचीही खूण करायच्या. खऱ्या रसाला भरीव टिकली, रिकाम्याला नुसता गोल; कोणती खूण कशाची, हे तेव्हा त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. यादी सरांची, पण कॅलेंडर त्यांचं.

आता मी केलेली एक व्यवस्था सांगते. चव अशी, की मुलींनी रस खिडकीतून ओतून दिला असता. म्हणून मी नियम केला, रस समोर प्यायचा. सकाळी साडेसहाला प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात सतरंजी घालायची, मुलींना एका ओळीत बसवायचं, प्रत्येकीपुढे स्टीलचा ग्लास, आणि पंचफुलाबाईंनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओतत जायचं. मला ही व्यवस्था फार नीटनेटकी वाटली होती. मी त्याचा फोटोही काढून प्रबंधात लावला. आपल्यातल्या थोरामोठ्यांच्या लक्षात आलं असेल मी काय केलं ते. मी पंगत मांडली होती. आणि वाढणारीला सांगितलं होतं, की या पंगतीत एकीला खरं वाढ, तिच्या शेजारणीला खोटं, आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नको.

पहिली फेरी बिनबोभाट झाली. दुसऱ्या फेरीच्या मध्येच आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या निवड चाचणीची तारीख अलीकडे आली. तारखा अलीकडे-पलीकडे होणं आपल्याला नवीन नाही. नेमक्या त्या आठवड्यात, तारखा जुळून आल्यामुळे, ओळीत सोळा मुली होत्या. नऊजणींचा खरा रस, सातजणींचा रिकामा. म्हणजे निवड चाचणीच्या सकाळी नऊजणी खरा रस पिऊन धावणार आणि सातजणी लाल पाणी पिऊन. सर परगावी होते. मला यादी माहीत नव्हती. सोळाजणींना काहीच माहीत नव्हतं. हे कळणारी अख्ख्या कॉलेजात एकच व्यक्ती होती, आणि तिच्या हातात रसाची बाटली होती.

त्यांनी त्या सातजणींना सहाही दिवस खरा रस पाजला. रिकामा रस जास्वंदीच्या कुंडीत ओतला.

मला याचा पत्ता नाही. फेरी संपली, यादी उघडली, आकडेमोड झाली. फरक निघाला नाही. खऱ्या रसाच्या वेळा आणि रिकाम्या रसाच्या वेळा जवळजवळ सारख्या. मी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहून काढलं. जमा करायला नऊ दिवस राहिले होते आणि त्यानंतर लगेच नोकरीची मुलाखत होती. संध्याकाळी प्रयोगशाळेत चहा पिताना पंचफुलाबाईंनी विचारलं, “झालं का तुह्यं पुस्तक? काय लिहिलं त्यात?” मी ऐटीत सांगितलं, “लिहिलं की बायकांवर या रसाचा काही परिणाम होत नाही.”

त्यांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. एकतीस वर्षांत त्यांनी चहा अर्धा टाकल्याचं मला तरी दुसरं उदाहरण माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून माझ्यापुढे घेऊन आल्या. त्यावर सात भाज्यांपुढचे सहा दिवसांचे गोल पेनाने भरले होते. गोलांच्या टिकल्या झाल्या होत्या. म्हणाल्या, “हे सात जणीचं खोटं आहे. मी खरं पाजलं.”

मी विचारलं, “काहून मावशी? यादी होती ना तुमच्याजवळ?”

यापुढची गोष्ट त्यांच्या आईची आहे. काल मी सक्करदऱ्याला त्यांच्या घरी जाऊन विचारलं, उद्या सभेत हे सांगू का. त्या म्हणाल्या, “सांग. पण माह्या मायचं सांगशीन त नीट सांग, रडू नको.” म्हणून नीट सांगते.

त्यांची आई आठ-नऊ वर्षांची असताना गावच्या मालगुजाराकडे लग्न होतं. यांच्या वस्तीची माणसं अंगणाच्या टोकाला, अगदी शेवटच्या ओळीत. वरच्या ओळींत शिरा वाढला तो तुपातला. शेवटच्या ओळीत वाढला तो तेलातला. रंग तोच, वर विलायचीही तीच. पोरीने बोट चाटलं आणि मोठ्याने म्हणाली, “बाबा, हे तर तेलाचं आहे.” तिच्या बापाने तिथेच तिच्या थोबाडीत मारली. गप खा म्हणाला. बाप वाईट नव्हता, तो भ्यायला होता. पुढे छप्पन साली घरच्या सगळ्यांनी इथे नागपुरात दीक्षा घेतली, आणि त्यांच्या आईने मुलींना सांगून ठेवलं. “आता कोणाच्या पंगतीच्या शेवटाले बसाचं नाही. अन् वाढाची पाळी आपल्यावर आली त कोणाच्या पानात भेद कराचा नाही.”

मग पंचफुलाबाई म्हणाल्या, “पयल्या फेरीतही माहा हात मांगंपुढं होत होता. पण मनाले म्हटलं, पुढच्या फेरीत ह्याच पोरीले खरं भेटन, फिट्टंफाट होईन. निवड झाल्यावर फिट्टंफाट कशी होईन, तू सांग? त्या पोरी परत कधी धावतीन?”

माझं आजोळ काटोलकडचं, चांगलं खातंपितं शेतकऱ्याचं घर. तिथल्या लग्नांतही एक ओळ वेगळी बसायची, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. त्यांच्या पानात काय वाढलं होतं, ते मी कधी वाकून पाहिलं नाही.

आणि आता मला जे सांगायचं आहे ते. मी त्यांना काय म्हणाले? मी म्हणाले, “मावशी, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजा.” वर हेही म्हणाले, “कोणाला कळणार नाही. तुमची नोकरी वाचेल.” त्यांच्या नोकरीचं नाव घेतलं, काळजी माझ्या नऊ दिवसांची होती.

त्या म्हणाल्या, “सांगितलं नाही कसं? सांगून राहिली ना तुले.” मग त्यांनी कॅलेंडर गुंडाळलं आणि म्हणाल्या, “तू लिहिशीन बायांले फरक पडत नाही. उद्या कोणी ते वाचन अन् म्हणन, मंग पोरींले काहून द्याचं, पोरांलेच द्या. मी सात जणीले पाजाले गेली अन् हजार जणीचं बंद करून बसली. असं नाही चालत वं.”

आणि त्या सरांच्या खोलीत गेल्या. तासाभराने सरांनी मला बोलावलं. मी आत गेले तेव्हा टेबलावर कॅलेंडर पसरलेलं होतं. सरांनी विचारलं, “गोपिका, तुला हे माहीत होतं?” आणि मी म्हणाले, “हो सर, मी तुम्हाला सांगायलाच येत होते.”

पंचफुलाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, संपलं आता. त्या सरांना म्हणाल्या, “हो सर. हिनंच मले तुमच्याकडं पाठवलं.”

हे सरांनाही काल संध्याकाळी फोनवर कळलं, अकरा वर्षांनी. सर म्हणाले, “उद्या बोल.” म्हणून बोलते आहे.

त्या वेळी सरांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. बाईंनी जाणूनबुजून केलं असं लिहिलं असतं तर चौकशी लागली असती, नोकरी गेली असती. म्हणून त्यांनी लिहिलं, ‘वितरण करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातून बाटल्यांची गल्लत झाली, आणि हे लक्षात येताच संशोधक विद्यार्थिनीने आकडेवारी स्वतःहून मागे घेतली.’ सरांनी दोघींना वाचवलं. फक्त एकीला शाबासकी देऊन वाचवलं आणि दुसरीला वेंधळी ठरवून. मला मुदतवाढ मिळाली आणि एका संस्थेचं ‘संशोधनातील सचोटी’बद्दल प्रमाणपत्र मिळालं. पंचफुलाबाईंना मेमो मिळाला आणि त्यांची बदली क्रीडासाहित्याच्या खोलीत झाली, चेंडूंत हवा भरायला.

त्यानंतर आपल्या स्टाफरूममध्ये एक विनोद सुरू झाला. ‘चहा फुलाबाईंना सांगू नका रे, बिनसाखरेचा कोणाला जाईल नेम नाही.’ समोर बसलेल्यांपैकी बरेच जण आता खाली पाहत आहेत. पाहू नका, मीही हसले आहे. मी तर जरा जास्तच मोठ्याने हसायचे. ज्या बाईने अठरा भाज्यांच्या तारखा, टिकल्या आणि गोल एकदाही न चुकता सांभाळले, ती बाई गल्लत करते, असं आपण अकरा वर्षं म्हणत आलो. त्यांनी एकदाही उलटून सांगितलं नाही, की मी गल्लत केली नाही, मी ठरवून केलं.

परत कशा आल्या, तो भाग मात्र गमतीचा आहे. सरांनी प्रयोग पुन्हा लावला. प्रयोगशाळेत नवे परिचर अंकुशभाऊ आले होते. माणूस सज्जन, हस्ताक्षर मोत्यासारखं. पण मुली त्यांना तारखा सांगेनात. अंकुशभाऊही विचारायला जायचे आणि ‘कशी आहे तब्येत?’ एवढं विचारून परत यायचे. तीन आठवडे कॅलेंडर कोरं. शेवटी मुलींनीच अर्ज दिला, ‘मावशी नसतील तर आम्ही नाही.’ मग सरांना मावशींना चेंडूंतून सोडवून आणावं लागलं.

यायच्या आधी त्यांनी सरांना दोन अटी घातल्या. परिचर विभागप्रमुखाला अट घालते आणि विभागप्रमुख वहीत लिहून घेतात, हे मी याच कॉलेजात पाहिलं. पहिली अट, स्पर्धा असेल त्या महिन्यात प्रयोग नाही. दुसरी अट, रस ओळीत बसवून द्यायचा नाही. एकेकीला आत बोलवायचं, आणि पहिल्याच दिवशी तोंडावर सांगायचं, “बाई, यातला एक रस रिकामा आहे, कोणता ते विचारू नको, पण दोन्ही तुह्या वाट्याले येतीन अन् सगळ्यांच्याच येतीन.” माझ्या प्रबंधाच्या संमतिपत्रात हेच दीड पान इंग्रजीत होतं. मुलींनी त्यावर सह्या केल्या होत्या, वाचलं कोणी नव्हतं.

या दोन अटी आजही आपल्या प्रयोगशाळेत पाळल्या जातात. नव्या मुलांना वाटतं, हे कुठल्या तरी परदेशी नियमावलीत आहे.

दुसऱ्या वेळचं उत्तर काय आलं, हे विद्यार्थिनींना ऐकायचं असेल. थोडा फरक आला. काहीजणी काही सेकंदांनी पुढे गेल्या, काहीजणींना काहीच झालं नाही. अठरा मुलींवरून याहून जास्त बोलू नये. तेव्हा घरी जाऊन बादलीभर रस काढू नका, आणि जी मागे पडते तिने सकाळी आधी वेळेवर उठावं. पण ‘बायकांना फरक पडत नाही’ हे वाक्य निदान आपल्या कॉलेजातून तरी बाहेर गेलं नाही. ते माझ्या हातून गेलंच होतं, मावशींनी दारात अडवलं.

आणि प्रेमिला, एक तुझ्यासाठी. त्या निवड चाचणीत तू निवडली गेलीस, आणि तू त्या सातजणींतली एक होतीस. मिरचीपुढचे सहाही गोल भरलेले आहेत. आता तुला वाटेल, म्हणजे मी रसामुळे गेले का? नाही. दुसऱ्या वेळी तू खऱ्या रसावर आणि रिकाम्या रसावर जवळपास तेवढ्याच वेळात धावलीस. तुझ्यावर बिटाचा काही असर नाही, तू तुझ्या पायांनी गेलीस. पण हे आपल्याला कळलं कशामुळे? तर एका बाईने येऊन खरं सांगितलं, म्हणून पुन्हा मोजावं लागलं, आणि मोजलं म्हणून कळलं.

मावशी हाताने खुणावतायत, बस वं आता, जेवण थंड होऊन राहिलं. दोन मिनिटं, मावशी.

बोलण्याची संधी दिल्याबद्दल प्राचार्य मॅडमचे, मनापासून ऐकल्याबद्दल सभागृहाचे, आणि काल ‘बोल’ म्हटल्याबद्दल सरांचे आभार. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, जास्त वेळ घेतला असेल, तर ते आपण पदरात घ्याल याची खात्री आहे. एक चूक मात्र पदरात घेऊ नका, ती कागदावर घ्या. मी अर्ज लिहून आणला आहे. छोटा आहे, वाचते.

‘विभागाच्या नोंदवहीत बाटल्यांची गल्लत झाली अशी जी नोंद आहे ती चुकीची आहे. श्रीमती पंचफुलाबाई गजभिये यांच्या हातून चुकून कधीही एकाही बाटलीची अदलाबदल झालेली नाही. त्यांनी जे केले ते जाणून केले आणि स्वतः येऊन सांगितले. त्यांनी प्रथम मला सांगितले, तेव्हा मी त्यांना गप्प राहण्यास सांगितले होते. आकडेवारी मी मागे घेतलेली नाही, त्यांनी घ्यायला लावली. हा अर्ज नोंदवहीला व ग्रंथालयातील माझ्या प्रबंधाच्या प्रतीला जोडावा.’ खाली माझी सही आहे, तारीख आजची आहे. सोबत ते कॅलेंडर जोडलं आहे आणि ते सचोटीचं प्रमाणपत्रही, फ्रेमसकट.

मावशी, तुम्ही आयुष्यभर कोणाच्या पानात भेद केला नाही. सरांच्या खोलीत त्या दिवशी रिकाम्या रसाचा एक ग्लास मात्र तुम्ही मला दिलात. रंग अगदी खऱ्यासारखा होता. मी अकरा वर्षं तो चवीने प्यायले, आणि हे तेलाचं आहे असं एकदाही म्हणाले नाही. त्याबद्दल मला तुमची क्षमा हवी आहे, सगळ्यांसमोर.

प्राचार्य मॅडम, अर्जावर आवक क्रमांक टाकून द्यावा, मग आपण जेवायला उठू. सतरंजी व्हरांड्यातच घातली आहे, त्याच जागी. मावशी, तुम्ही सवयीने वाढपाकडे जाल, म्हणून आत्ताच सांगते. तुम्ही बसायचं. आज वाढायला मी आहे.